अंतराळ मोहिमेच्या आधारे इंग्रजी: आधी क्रियापद, मग काळ, मग बाकीचे शब्द

अंतराळाच्या विषयातून इंग्रजी शिकायचे ठरवले की बहुतेक जण पहिल्याच दिवशी यादी करायला बसतात: गॅलक्सी, नेब्युला, सुपरनोव्हा, ब्लॅक होल, लाइट इयर. समोर मराठी अर्थ. शब्द पाठही होतात. पण ‘चांद्रयान चंद्रावर उतरले’ एवढे साधे वाक्य इंग्रजीत सांगायची वेळ आली की ‘चांद्रयान लँडेड टू द मून’ असे काहीतरी तोंडातून बाहेर पडते. यात शब्द कमी पडलेले नसतात. यादीत सगळी नामे होती आणि वाक्य चालते क्रियापदावर, त्याला चिकटून येणाऱ्या छोट्या शब्दांवर. ते कुणी पाठ केलेलेच नसते.

म्हणून खालचा क्रम उलटा आहे. एक मोहीम घ्यायची, तिचा घटनाक्रम लावायचा, त्यातली क्रियापदे उचलायची आणि त्या घटनाक्रमावरच इंग्रजीचे काळ बसवायचे. अवघड नामे शेवटी आली तरी काही बिघडत नाही. इंग्रजीतला साधा परिच्छेद अडखळत का होईना वाचता येतो, अशा वाचकासाठी हा लेख आहे. इंग्रजी वाक्ये इथे देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीत लिहा आणि प्रत्येक स्पेलिंग शब्दकोशात तपासा. ते कामही शिकण्याचाच भाग आहे.

तयारी

पहिली तयारी मोहीम निवडण्याची, आणि इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. ब्लॅक होल, बिग बँग, परग्रहावरील जीवन हे विषय आकर्षक आहेत, पण त्यांत ‘आधी हे झाले, मग ते झाले’ असे नसते. घटनाच नसतील तर भूतकाळ कशावर शिकणार? अशी मोहीम निवडा जिची गोष्ट तुम्हाला मराठीत आधीच ठाऊक आहे, जिच्या तारखा स्पष्ट आहेत आणि जिच्यात कुठेतरी अडचण आली होती. चांद्रयान-३ या तिन्ही कसोट्यांना उतरते. अर्थ आधीच माहीत असल्याने सगळे लक्ष इंग्रजीकडे देता येते.

दुसरी तयारी मजकुराची. मुलांसाठी नासाचे ‘स्पेस प्लेस’ हे संकेतस्थळ आहे, तिथली वाक्ये लहान असतात. ‘सिंपल इंग्लिश विकिपीडिया’वरही सोप्या भाषेत लेख मिळतात. इस्रो आणि नासाची अधिकृत निवेदने दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे शब्दांचा एकच उतारा पुरे.

तिसरी तयारी वहीची. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. आणि शब्दकोश असा हवा जो अर्थासोबत पूर्ण वाक्य देतो. नुसता मराठी प्रतिशब्द देणाऱ्या ॲपवर हे काम होत नाही.

सावधान: बातम्यांच्या मथळ्यांवरून व्याकरण शिकू नका. ‘चांद्रयान-३ लँड्स ऑन मून’ असा मथळा असतो. त्यात घडून गेलेल्या घटनेला वर्तमानकाळ वापरलेला असतो आणि ‘मून’च्या आधीचा ‘द’ गाळलेला असतो. मथळ्यात ते चालते, तुमच्या वाक्यात नाही. मथळा सोडा आणि खालच्या पहिल्या परिच्छेदापासून वाचा.

टप्पा १: घटनाक्रम मराठीत लिहा

डाव्या पानावर आठ-दहा ओळी, प्रत्येक ओळीत एकच घटना. चांद्रयान-३ साठी त्या अशा होतील:

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी २.३५ वाजता श्रीहरिकोट्याहून उड्डाण झाले. ५ ऑगस्टला यान चंद्राच्या कक्षेत शिरले. १७ ऑगस्टला लँडर (चंद्रावर उतरणारा भाग) त्याला तिथवर नेणाऱ्या प्रोपल्शन मॉड्यूलपासून वेगळा झाला. २३ ऑगस्टला संध्याकाळी हा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरला. त्यानंतर प्रज्ञान रोव्हर उताराच्या फळीवरून खाली आला. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांनाही निद्रावस्थेत टाकले. चंद्रावर पुन्हा सूर्य उगवल्यावर त्यांना जागे करायचा प्रयत्न झाला, पण संदेश आला नाही.

अजून इंग्रजीत एक अक्षरही लिहायचे नाही. फक्त प्रत्येक वेळेपुढे खूण करा: घड्याळाची वेळ असेल तर ‘ॲट’, तारीख असेल तर ‘ऑन’, नुसता महिना किंवा वर्ष असेल तर ‘इन’. म्हणजे ‘ॲट २.३५’, ‘ऑन १४ जुलै’, ‘इन जुलै’, ‘इन २०२३’. महिन्याला ‘इन’ लागतो म्हणून ‘इन १४ जुलै’ लिहिणारे खूप आहेत. तारीख आली की ‘ऑन’च.

तपासणी: कुठल्याही ओळीत दोन क्रियापदे असतील तर ती ओळ तोडून दोन करा.

टप्पा २: क्रियापदे उचला, शेजाऱ्यासकट

आता इंग्रजी उतारा उघडा आणि फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. वहीत एकटे क्रियापद कधीही उतरवू नका. त्याच्या पुढे काय येते तेही लिहा. मराठीत हे काम विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. आपण ‘ला’ला ‘टू’, ‘मध्ये’ला ‘इन’ आणि ‘भोवती’ला ‘अराउंड’ लावत सुटतो, आणि तिथेच वाक्य फसते.

काही क्रियापदांपुढे मधला शब्द लागतो. ‘लिफ्ट ऑफ फ्रॉम’, म्हणजे तळावरून उडणे. ‘सेपरेट फ्रॉम’, म्हणजे एखाद्या भागापासून वेगळे होणे. ‘लँड ऑन’ आणि ‘टच डाउन ऑन’, म्हणजे पृष्ठभागावर उतरणे. ‘डॉक विथ’, म्हणजे दुसऱ्या यानाला जोडले जाणे. ‘लूज कॉन्टॅक्ट विथ’, म्हणजे संपर्क तुटणे. ‘रन आउट ऑफ फ्युएल’, म्हणजे इंधन संपणे. ‘बर्न अप इन द ॲटमॉस्फिअर’, म्हणजे वातावरणात जळून जाणे.

काहींपुढे मधला शब्द लागतच नाही. मराठी माणसाला खरा त्रास देणारी ही चार आहेत:

‘रीच’: ‘द स्पेसक्राफ्ट रीच्ड मार्स.’ इथे ‘रीच्ड टू मार्स’ चूक.

‘एंटर’: ‘इट एंटर्ड लूनर ऑर्बिट.’ इथे ‘एंटर्ड इन’ चूक.

‘अप्रोच’: ‘इट अप्रोच्ड द मून.’ इथे ‘अप्रोच्ड टू’ चूक.

‘ऑर्बिट’: ‘द मून ऑर्बिट्स द अर्थ.’ इथे ‘अराउंड’ नको, कारण ‘भोवती’ हा अर्थ क्रियापदातच आहे.

या चौघांसाठी वेगळे पान करा. अंतराळाची वही मिटल्यावरही ही क्रियापदे सुटत नाहीत. ‘ऑफिसला पोहोचलो’ म्हणतानाही ‘रीच्ड द ऑफिस’च म्हणायचे असते.

तपासणी: उजवे पान झाका. डावीकडची मराठी ओळ वाचा आणि फक्त क्रियापद व त्याचा शेजारी मोठ्याने म्हणा. पूर्ण वाक्य अजून नको. दहापैकी आठ बरोबर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: नामे, पण कुटुंबाने

आता नामे घ्या. एकेक शब्द वेगळा न लिहिता एका मुळातून निघालेले सगळे शब्द एका ओळीत लिहा. ‘ऑर्बिट’ कक्षा, ‘ऑर्बिटर’ कक्षेत फिरणारे यान, ‘ऑर्बिटल’ कक्षेसंबंधी. ‘लँड’ उतरणे, ‘लँडर’ उतरणारे यान, ‘लँडिंग’ उतरण्याची क्रिया. ‘एक्सप्लोर’, ‘एक्सप्लोरर’, ‘एक्सप्लोरेशन’. चार-पाच कुटुंबे झाली की नवा शब्द दिसताच तो नाम आहे की विशेषण, हे शेपटावरून ओळखता येते.

इथे एक सवय लावून घ्या: अनेकवचनाची खात्री करायची. ‘स्पेसक्राफ्ट’चे अनेकवचन ‘स्पेसक्राफ्ट’च. ‘इक्विपमेंट’, ‘इन्फर्मेशन’, ‘डेब्री’ (मोडके तुकडे) या शब्दांना शेवटी ‘एस’ जोडायचा नसतो. ‘रिसर्च’ही नाम म्हणून एकवचनीच वापरा. ‘मेनी इक्विपमेंट्स’ लिहायचा मोह झाला तर ‘मेनी इन्स्ट्रुमेंट्स’ लिहा, ते मोजता येते.

दुसरी अडचण नामांच्या रांगांची. अधिकृत निवेदनात ‘लूनर ऑर्बिट इन्सर्शन बर्न’ असे चार शब्द सलग येतात आणि वाचक पहिल्यापासून अर्थ लावू लागतो. अशी रांग शेवटून वाचा. ‘बर्न’ म्हणजे ठरावीक वेळ इंजिन चालवणे. कशासाठी? ‘इन्सर्शन’, आत घालण्यासाठी. कशात? ‘ऑर्बिट’, कक्षेत. कुणाच्या? ‘लूनर’, चंद्राच्या. चंद्राच्या कक्षेत शिरण्यासाठी इंजिन चालवणे, झाले. शेवटचा शब्द मुख्य असतो, आधीचे त्याचे वर्णन करतात.

सावधान: ‘ॲल्टिट्यूड’ आणि ‘ॲटिट्यूड’ यांत एका अक्षराचा फरक आहे आणि चांद्रयान-३ च्या उतरण्याच्या वर्णनात दोन्ही येतात. पहिला म्हणजे उंची. दुसरा म्हणजे यान अवकाशात कोणत्या बाजूला, किती कललेले आहे ती स्थिती. उतरण्याच्या एका टप्प्याचे नाव ‘ॲटिट्यूड होल्ड’ होते. त्याचा अर्थ ‘उंची कायम ठेवणे’ असा लावला तर सगळे वर्णनच चुकते.

टप्पा ४: ‘अ’, ‘द’ आणि काहीच नाही

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे हा भाग नियम पाठ करून पक्का होत नाही. उदाहरणे हाताशी ठेवावी लागतात, आणि ती देण्यात अंतराळ फार उदार आहे.

आपला चंद्र एकच, म्हणून ‘द मून’. आपला सूर्य एकच, म्हणून ‘द सन’. पण ग्रहांची नावे ही विशेषनामे असल्याने ‘मार्स’, ‘जुपिटर’, ‘सॅटर्न’ यांच्या आधी काही नाही. पृथ्वीला दोन्ही चालते: ‘द अर्थ’ही आणि ‘फ्रॉम अर्थ’ही. टायटन हा शनीच्या अनेक चंद्रांपैकी एक, म्हणून ‘टायटन इज अ मून ऑफ सॅटर्न’. अंतराळ या अर्थी ‘स्पेस’च्या आधी काही येत नाही: ‘ॲस्ट्रोनॉट्स लिव्ह अँड वर्क इन स्पेस.’ ‘इन द स्पेस’ म्हटले की एखाद्या मोकळ्या जागेबद्दल बोलतो आहोत असे वाटते.

हा एवढासा ‘अ’ किती अर्थ वाहतो, ते नील आर्मस्ट्राँगच्या २० जुलै १९६९ च्या वाक्यात दिसते. ध्वनिमुद्रणात ऐकू येते ते ‘दॅट्स वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड’. ‘अ’ नसलेला ‘मॅन’ म्हणजे मानवजात, आणि ‘मॅनकाइंड’ म्हणजेही मानवजात. मग छोटे पाऊल कुणाचे आणि मोठी झेप कुणाची? आपल्याला ‘फॉर अ मॅन’, म्हणजे ‘एका माणसासाठी’, असे म्हणायचे होते, असे आर्मस्ट्राँगने नंतर सांगितले. ‘अ’ घातला की वाक्य उजळते. हे वाक्य वहीत दोन्ही प्रकारे लिहून ठेवा.

तपासणी: उताऱ्यातले सगळे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ पांढऱ्या शाईने खोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि मूळ मजकुराशी ताडून पहा.

टप्पा ५: घटनाक्रमावर काळ बसवा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. चार आठवड्यांचा अभ्यास असेल तर दोन आठवडे इथे गेले तरी चालतील. वहीवर एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर मोहिमेच्या तारखा लावा आणि शेवटी ‘आज’ लिहा. आता प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: ही घटना रेघेवर एका ठिपक्यात संपली, की ती आजपर्यंत पोहोचते?

तारीख दिली की साधा भूतकाळ. ‘चांद्रयान-३ लँडेड ऑन द मून ऑन २३ ऑगस्ट २०२३.’ मराठीत ‘२०२३ मध्ये उतरले आहे’ म्हणता येते, म्हणून ‘हॅज लँडेड इन २०२३’ लिहिले जाते. इंग्रजीत गेलेली तारीख आणि ‘हॅज’ एकत्र नांदत नाहीत.

तारीख नाही आणि परिणाम आता महत्त्वाचा आहे, तर ‘हॅज’ किंवा ‘हॅव’. ‘इंडिया हॅज लँडेड अ स्पेसक्राफ्ट ऑन द मून.’ एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा अंतराळवीरांनी जमिनीवरच्या ह्यूस्टन नियंत्रण केंद्राला कळवले ते ‘ह्यूस्टन, वुई’व्ह हॅड अ प्रॉब्लेम’ असे. काहीतरी नुकतेच घडले आहे आणि त्याचा परिणाम आत्ता आमच्यासमोर आहे, हे त्या ‘व्ह हॅड’मध्ये आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘वुई हॅव अ प्रॉब्लेम’ हे बदललेले रूप बसले आहे.

मग येतो ‘पासून’. मराठीत ‘व्हॉयेजर-१ यान १९७७ पासून प्रवास करत आहे’ हे निर्दोष वाक्य आहे. त्याचे ‘इज ट्रॅव्हलिंग सिन्स १९७७’ केले की चुकले. बरोबर रूप: ‘व्हॉयेजर वन हॅज बीन ट्रॅव्हलिंग सिन्स १९७७.’ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नोव्हेंबर २००० पासून सतत माणसे राहत आली आहेत: ‘पीपल हॅव लिव्ह्ड ऑन द स्टेशन सिन्स नोव्हेंबर २०००.’ सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचे तर ‘फॉर’: ‘फॉर मोअर दॅन ट्वेंटी इयर्स’.

‘हॅड’चा अतिवापर हा खास आपला दोष आहे. ‘अपोलो ११ १९६९ मध्ये उतरले होते’ असे आपण सहज म्हणतो. मराठी ‘होते’ नुसते ‘खूप पूर्वी’ एवढेच सुचवू शकते. इंग्रजी ‘हॅड’ तसे करत नाही. त्याला भूतकाळातलीच दुसरी घटना हवी, जिच्या आधी हे घडले. व्हॉयेजरची जोडी यासाठी उत्तम आहे, कारण क्रमांक दोनचे यान आधी निघाले, २० ऑगस्ट १९७७ ला, आणि क्रमांक एक नंतर, ५ सप्टेंबरला. म्हणून: ‘व्हेन व्हॉयेजर वन लेफ्ट अर्थ, व्हॉयेजर टू हॅड ऑलरेडी लेफ्ट.’ दुसरी घटना नसेल तर ‘हॅड’ काढा: ‘अपोलो ११ लँडेड इन १९६९.’

एक क्रिया चालू असताना दुसरी घडली, यासाठी चांद्रयान-२ चा सप्टेंबर २०१९ मधला प्रसंग घ्या: ‘द लँडर वॉज डिसेंडिंग व्हेन कंट्रोलर्स लॉस्ट कॉन्टॅक्ट विथ इट.’ चालू असलेली क्रिया ‘वॉज डिसेंडिंग’, अचानक घडलेली ‘लॉस्ट’.

कायमच्या गोष्टींना साधा वर्तमानकाळ. ‘स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते’ यासाठी ‘द स्टेशन ऑर्बिट्स द अर्थ अबाउट एव्हरी नाइन्टी मिनिट्स’. इथे ‘इज ऑर्बिटिंग’ लिहायची गरज नाही.

तपासणी: टप्पा १ मधल्या ओळी आता इंग्रजीत लिहा. पूर्ण झाल्यावर प्रत्येक ‘हॅज’, ‘हॅव’ आणि ‘हॅड’भोवती गोल करा. त्याच वाक्यात गेलेली तारीख दिसली तर ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ चूक. ‘हॅड’ असेल आणि आसपास दुसरी घटना नसेल तर तोही चूक. वेळ नसेल तर बाकी काही तपासू नका, एवढे मात्र तपासा.

टप्पा ६: कर्मणी रचना

यानाला कुणीतरी सोडते, त्यामुळे या विषयात कर्मणी वाक्ये पावलोपावली येतात. चूक बहुधा एकच: ‘वॉज’ गळतो. ‘चांद्रयान-३ लाँच्ड बाय इस्रो’ हे वाक्य नव्हे. ‘चांद्रयान-३ वॉज लाँच्ड बाय इस्रो’ हे वाक्य. अनेकवचनात ‘वर’: ‘द लँडर अँड द रोव्हर वर पुट टू स्लीप.’

टप्पा ७: जर-तर आणि जरी-तरी

मराठीत अट आणि परिणाम दोन्हींत भविष्यकाळ बसू शकतो. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ नको. ‘इफ द फ्युएल रन्स आउट, द मिशन विल एंड.’

न घडलेल्या गोष्टीसाठी ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ची हकिकत घ्या. १९९९ मध्ये हे यान मंगळापाशी पोहोचताना नष्ट झाले, कारण एका गटाचे सॉफ्टवेअर पाउंडावर आधारित एककात आकडे देत होते आणि दुसरा गट ते न्यूटनवर आधारित समजत होता. ‘दोन्ही गटांनी एकच एकक वापरले असते, तर यान गमावले नसते’: ‘इफ बोथ टीम्स हॅड यूज्ड द सेम युनिट्स, द स्पेसक्राफ्ट वुड नॉट हॅव बीन लॉस्ट.’ ‘वुड’ फक्त परिणामाच्या बाजूला.

‘जरी... तरी’चे इंग्रजी करताना ‘ऑलदो’ आणि ‘बट’ दोन्ही घालू नका, एकच पुरतो. हबल दुर्बिणीच्या आरशात दोष होता, पण १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन उपाय केला: ‘ऑलदो हबल्स मिरर हॅड अ फ्लॉ, ॲस्ट्रोनॉट्स फिक्स्ड द प्रॉब्लेम इन १९९३.’ मध्ये फक्त स्वल्पविराम.

टप्पा ८: तोंडाने सांगा

वही मिटा आणि मोहिमेची गोष्ट दोन मिनिटांत इंग्रजीत सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करा. पाठ केलेला परिच्छेद म्हणू नका. समोर फक्त तारखा ठेवा. ऐकताना सगळ्या चुका शोधायला गेलात तर खचून जाल. पहिल्यांदा फक्त ‘वॉज’ गळतो का ते ऐका, दुसऱ्यांदा ‘द’, तिसऱ्यांदा ‘सिन्स’सोबतचे क्रियापद.

काही उच्चार आधीच ऐकून घ्या. ‘लाँच’ आणि ‘लंच’ यांतला स्वर वेगळा आहे. तो नीट आला नाही तर रॉकेटचे जेवण होते. ‘डेब्री’च्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘एस’ उच्चारात नाही. दोन यानांच्या भेटीसाठी येणारा ‘रॉन्देव्हू’ हा शब्द फ्रेंचमधून आला आहे, त्याचे स्पेलिंग पाहून उच्चार करायला जाऊ नका. ‘ट्रजेक्टरी’त जोर ‘जेक’वर आहे.

दुसरी मोहीम घेताना

चांद्रयान-३ न अडखळता सांगता आले की दुसरी मोहीम म्हणून व्हॉयेजर घ्या. तिथे ‘हॅज बीन’ सतत लागतो, म्हणजे टप्पा ५ ची उजळणी आपोआप होते. नव्या मोहिमेला नवी वही करू नका. जुन्याच क्रियापदांच्या पानावर खुणा करत जा. ‘रीच’, ‘एंटर’, ‘सेंड बॅक’ पुन्हा पुन्हा भेटतील. तिसऱ्या मोहिमेतही भेटणाऱ्या क्रियापदांना लाल रेघ ओढा आणि पाठांतराचा वेळ आधी त्यांना द्या. नेब्युला आणि सुपरनोव्हा यांच्यासाठी आता त्याच वहीचे मागचे पान उघडायला हरकत नाही.